दोनशे पानी वही

भिशी लागली तेव्हा आम्ही फ्रीज बघत होतो,
दोन दारांचा.
मग प्रांजलनं पुस्तकातलं अर्धं पान दाखवलं,
मातीचे शिपाई, खड्ड्यात, रांगेनं उभे,
आणि फ्रीज शोरूममध्येच राहिला.

शहराचं नाव शीआन.
यल्लू त्याला शिवाण म्हणतो,
जणू नंदगडच्या पुढचं एखादं खेडं,
वडाप मिळालं की पोचलो.

दसऱ्याच्या सुट्टीत जाऊ म्हटलं
तर तिथंही तेव्हाच आठवडाभर सण,
अख्खा देश रस्त्यावर.
एप्रिलात परशरामला रजा नाही,
उद्यमबागेत तेव्हाच मशीनी खोलतात.
शिवाय बारा वर्षांखाली तिकीट थोडं कमी
आणि प्रांजलला ऑगस्टात बारा पुरी.
पोरीचं वय मी पहिल्यांदाच असं पैशात मोजलं.
वहीत ‘मे’ लिहिलं. भोवती गोल केला.

शहराला तट आहे, अजून शाबूत.
त्याच्यावर सायकल चालवता येते,
चौदा किलोमीटर, म्हणजे
खानापुरातून निघून बेळगावच्या अर्ध्या वाटेपर्यंत.
पोरांनी किल्ल्याचा खंदक बघितलाय.
यल्लूचा एकच प्रश्न,
तिथल्या खंदकात म्हशी असतात काय.

फॉर्म भरताना परशरामचं पेन अडलं.
जन्मदाखल्यावर जिल्हा एक, आधारवर दुसरा,
माणूस तोच, घर तेच, नळाला पाणी यायची वेळही तीच.
खिडकीतल्या बाईनं कानडीत विचारलं,
मी मराठीत सांगितलं,
तिला कळलं, मला कळलं,
तिनं शिक्का मारला.

‘तिथली पाटी एकपण वाचायला येणार नाही मा,’
प्रांजल म्हणाली, ‘तुला नाही, पप्पांना नाही,
मला कानडी येतंय तरी नाही.’
आणि खुशीत हसली.
मी कुकरची शिट्टी काढत होते.
तशीच थोडा वेळ हातात धरून राहिले.

मेतकूट. लिंबाचं लोणचं, बाटली नको, पिशवीत.
यल्लूला गाडी लागते, विमानाचं माहीत नाही.
खोकल्याचं औषध. मीठ-साखरेच्या पुड्या.
तिथं कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद शेवई मिळते म्हणे,
गव्हाचीच, पण तिखट.
कुंदा अर्धा किलो, कुणाला द्यायचा ते ठरलं नाही.

भावकूमामंजी सोप्यात बसून ऐकत होते.
एकतीस वर्षं कौलांच्या कारखान्यात,
चिखल मळण्यापासून भट्टीपर्यंत.
आता कान थोडे मंद, पण ‘माती’ शब्द लगेच ऐकू येतो.

‘आठ हजार म्हणालीस? एका साच्यातलं?’
नाही, प्रत्येकाचा चेहरा वेगळा.
‘धड भरीव काय पोकळ?’
प्रांजलनं शोधून वाचलं: पाय भरीव, धड पोकळ.
‘बरोबर हाय. भरीव धड भट्टीत फुटतंय.’
मग बराच वेळ गप्प.
‘आणि करणाऱ्याचं नाव?’

राजाचं नाव तिनं सांगितलं.
‘राजाचं नव्हं गा. केलेल्याचं.’
ती म्हणाली, काहींच्या अंगावर ठसा सापडलाय, कारागिराचा.
ते उठले. परसात रचलेल्या जुन्या कौलांतलं एक काढलं,
धोतराच्या सोग्यानं पुसलं, उलटं करून
यल्लूच्या हातात दिलं.
कारखान्याचं नाव, त्याखाली एक आकडा,
बोटाच्या पेराएवढा.
‘सतरा. मी.’

आम्ही एवढी वर्षं त्या कौलांखाली झोपलो.

‘तुम्हीपण चला की,’ परशराम म्हणाला, जरा उशिरानं.
‘मी कशाला? गुडघं कुठं ऱ्हायलेत.
तुम्ही जावा. समोरनं सगळेच बघतेत.’

रात्री हिशेब करायला वही उघडली.
चौसष्ट हजार कमी पडतात, अजून व्हिसा धरला नाही.
चार्जर, छत्री, यल्लूचे जादा मोजे,
आणि त्याखाली पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात,
एक ओळ जी मी लिहिली नव्हती:

शिपायांची पाठ बघणे. १७ आहे काय.